वृद्धापकाळचे दुखणे आणि सातबाराचा उतारा

शेतकऱ्याच्या घरी बहुतेक प्रत्येक खर्चास काही ना काही ठाव असतो. बी-बियाणे, खत, मजुरी, ट्रॅक्टरचे भाडे, सोसायटीचा हप्ता, मुलांची फी, लेकीचे लग्न, या सर्वांचा अजमास कर्ता पुरुष मृग निघण्यापूर्वीच मनाशी बांधून ठेवतो. परंतु घरातील सत्तरी उलटलेल्या वडिलांच्या किंवा आईच्या दुखण्यास यंदा किती पैसा लागेल, याचा अजमास बांधलेले घर आमच्या पाहण्यात क्वचितच आले. हा खर्च न सांगता येतो, सुगीची वाट पाहत नाही, आणि आला म्हणजे दोन-तीन वर्षांच्या शिलकीवर पाणी सोडावयास लावतो. दुखणे देवाच्या हाती, असे म्हणून आपण मोकळे होतो. दुखणे देवाच्या हाती असेल. पण त्याचा खर्च कोणी, केव्हा व किती करावयाचा हे मात्र सर्वस्वी माणसांच्या हाती आहे. आणि ते ठरविणाऱ्या गोष्टींत वैद्यापेक्षा तलाठ्याच्या दप्तराचा हात पुष्कळदा मोठा असतो, असे आमचे मत आहे. तेच येथे थोडक्यात मांडण्याचा विचार आहे.

प्रथम प्रश्नाचा आवाका पाहू. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षे व त्यावरील वयाचे लोक देशात सुमारे १० कोटी ३८ लक्ष, म्हणजे शेकडा ८.६ भरले, आपल्या महाराष्ट्रात हे प्रमाण शेकडा ९.९ होते. त्यानंतरच्या काळात ते वाढतच गेले आहे. त्यातही तरुण मंडळी पुण्या-मुंबईकडे गेल्यामुळे खेड्यात मागे राहणारांत म्हाताऱ्यांचा भरणा अधिक, हे कोणत्याही गावच्या पारावर अर्धा तास बसले असता दिसून येते.

आता खर्चाकडे वळू. केंद्र सरकारच्या नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे जुलै २०१७ ते जून २०१८ या वर्षात, बाळंतपणे वगळून रुग्णालयात दाखल होण्याच्या प्रत्येक प्रसंगी किती खर्च आला याची मोजदाद झाली. ग्रामीण भागातील रुग्णास सरकारी रुग्णालयात सरासरी ४,२९० रुपये, तर खाजगी रुग्णालयात २७,३४७ रुपये लागले. म्हणजे खाजगी दाराची पायरी चढताच खर्च सहापटीहून अधिक झाला. हे आकडे केवळ औषधोपचाराचे आहेत. जाण्यायेण्याचे भाडे, सोबत्याचे जेवणखाण आणि बुडालेली रोजंदारी यांत धरलेली नाही. असे असूनही दाखल होणाऱ्या ग्रामीण रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक खाजगीतच गेले. पैसा कोठून आणला असे विचारता शेकडा ८० जणांनी घरची मिळकत वा शिल्लक सांगितली, आणि शेकडा १३ जणांनी मुख्यतः कर्जावर भिस्त ठेवल्याचे सांगितले. विम्याचा आधार त्या वेळी फारच थोड्यांस होता. २०१७-१८ मध्येच देशातील वृद्धांची जी मोठी पाहणी झाली, तीत साठीवरील शंभर माणसांपैकी आरोग्यविम्याचे छत्र असलेली माणसे अवघी १८ च्या घरात आढळली.

त्यानंतर स्थिती काहीशी सुधारली हे कबूल केले पाहिजे. देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चापैकी लोकांनी पदरमोड करून भरलेला हिस्सा २०१३-१४ मध्ये शेकडा ६४.२ होता, तो २०२१-२२ मध्ये शेकडा ३९.४ वर आला, असे सरकारी हिशेब सांगतात. तथापि शेकडा ३९ हा हिस्साही लहान नव्हे; आणि तो कोणत्या घरात कोणावर पडतो हे सरासरीच्या आकड्यांत दिसत नाही. ते दिसण्यासाठी घरात डोकवावे लागते.

घरात डोकावले असता दोन परस्परविरुद्ध दोष एकाच ठिकाणी नांदताना दिसतात. आरंभी खर्च अत्यंत कमी, आणि शेवटी अत्यंत अधिक. रक्तदाब किंवा मधुमेह यांसारखे विकार वर्षानुवर्षे मुक्याने अंगात राहतात. त्यांवरील साध्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. बाजारात घेतल्या तरी जनऔषधी दुकानात त्यांची किंमत नामांकित छापाच्या औषधाहून निम्म्याने अथवा त्याहूनही कमी असते. रक्तदाबाचा माग ठेवून औषध नियमाने पुरविण्याचा सरकारी उपक्रम २०१७ च्या अखेरीपासून सुरू होऊन महाराष्ट्रातही आला. तरीसुद्धा आमचा म्हातारा म्हणतो, "मला काय धाड भरली आहे?" गोळ्या चार दिवस घेतो, बरे वाटले की सोडतो. डोके दुखले तर पेरणी होऊ दे म्हणतो, पेरणी झाली की खुरपणी, खुरपणी झाली की काढणी. दुखणे अंगावर काढणे हा आमच्यात पुरुषार्थ समजला जातो. मग एके पहाटे अर्धांगाचा झटका येतो, जीप करून जिल्ह्याच्या गावी धाव घ्यावी लागते, आणि जे काम महिन्याच्या किरकोळ खर्चात भागले असते त्यास लाखांची थैली पुरत नाही. रोग हत्तीच्या पावलाने येतो आणि मुंगीच्या पावलाने जातो, ही म्हण आपण तोंडाने म्हणतो. हत्ती कोसावर असतानाच दार लावावे हे मात्र आपणांस सुचत नाही.

शेवटच्या खर्चात आणखी एक वाटेकरी असतो. तो म्हणजे लोक. "पोरांनी बापाला दवाखाना दाखविला नाही" हा बोल कोणासच नको असतो. म्हणून जेथे वैद्यच सांगतो की आता घरी नेऊन सेवा करा, तेथेही मुलगे आणखी मोठ्या रुग्णालयाची वाट धरतात. याच मुलांनी दोन वर्षांपूर्वी वडिलांच्या मोतीबिंदूकडे किंवा आईच्या पायाच्या सुजेकडे लक्ष दिले नव्हते, कारण तेव्हा पाहणारे लोक नव्हते. आमच्या मते जो खर्च चारचौघांस दिसतो तो होतो, आणि जो दिसत नाही तो राहतो. पितरांच्या नावे गावजेवण घालणारास गाव नावाजतो. पण आईस वेळेवर चष्मा, कानाचे यंत्र किंवा दातांची कवळी करून देणारास कोणी नावाजीत नाही. ही आमच्या समाजाची रीत पालटल्याशिवाय कोणतीही सरकारी योजना पुरी पडणार नाही.

आता मुख्य मुद्द्यास येतो. आमची उमेदीची वर्षे महसुली दप्तरात गेली. फेरफाराच्या नोंदी, वारसाचे अर्ज, वाटपाची प्रकरणे यांचे कागद हाताखालून गेले. त्यांवरून एक गोष्ट आमच्या मनावर ठसली ती ही, की म्हाताऱ्याच्या दुखण्यास पैसा मिळेल की नाही हे पुष्कळ अंशी सातबारावर कोणाचे नाव आहे यावर ठरते. ज्याच्या हाती ससा तो पारधी. जमीन नावावर असलेल्या वडिलांचा खोकला सर्व घरास ऐकू येतो. जमीन वाटून दिलेल्या वडिलांचा खोकला ज्याच्या ओसरीवर त्यांची खाट असेल त्यासच ऐकू येतो, आणि तोही पुढे म्हणू लागतो की या महिन्यात पाळी धाकट्याची आहे.

ही पाळी म्हणजे काय, हे वाचकांस सांगावयास नको. तीन भावांत जमीन वाटली, विहिरीच्या पाण्याचे वार ठरले, आणि त्याबरोबरच आईबापांचेही महिने ठरले. जेवणास पाळी चालते. चार महिने याच्याकडे, चार महिने त्याच्याकडे. परंतु दुखण्यास पाळी कशी लावणार? मोठ्याच्या पाळीत पाय मोडला तर खर्च मोठ्यानेच करावा काय? धाकटा म्हणतो, मी शेतावर आहे, रोख पैसा शहरातल्या नोकरीवाल्याकडे आहे. नोकरीवाला म्हणतो, मी जमिनीचे उत्पन्न घेत नाही, ज्याने घेतले त्याने पाहावे. वाटपपत्रात बांधाची लांबी फुटाइंचांनिशी लिहिली जाते, झाडांची गणती होते, पण वडिलांच्या औषधाची एक ओळ त्यात नसते. पुढे जो भांडणतंटा होतो तो त्या न लिहिलेल्या ओळीपायी होतो. आणि भांडण मिटेपर्यंत जे दिवस जातात ते रोग्याच्या आयुष्यातून वजा होतात.

बक्षीसपत्राविषयीही असेच. मुलगा, मुलगी, नातू, पत्नी यांस शेतजमीन वा राहते घर बक्षीस देण्यास आपल्या राज्यात मूळ मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये ठेवलेले आहे. सवलत चांगली आहे. परंतु जे काम स्वस्तात होते ते माणूस विचार न करता करतो. मृत्युपत्र हे माणसाच्या मागे अमलात येते आणि हयातीत केव्हाही बदलता येते. बक्षीसपत्र एकदा नोंदले की हातचे गेले. हा भेद ज्यांस ठाऊक नाही असे मातब्बर खातेदारही आहेत. शिवाय जमिनीबरोबर इतरही काही जाते हे ध्यानात घ्यावे. केंद्राच्या किसान सन्मान निधीचे वर्षाचे ६,००० रुपये आणि २०२३ पासून राज्याच्या नमो योजनेचे तितकेच, हे खातेदारास मिळतात. केंद्राची योजना सुरू झाली तेव्हा १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख ठरली, आणि त्यानंतर वारसाखेरीज अन्य रीतीने झालेला नावाचा बदल लाभास धरू नये असा नियम झाला. म्हणजे वडिलांनी घाईने नाव कमी केले तर वडिलांचे गेले आणि मुलासही आले नाही, असा प्रकार घडू शकला. बारा हजार ही रक्कम मोठी नव्हे. परंतु एका वृद्धाची वर्षभराची औषधे, तपासण्या व तालुक्याच्या फेऱ्या यांस ती पुष्कळ हातभार लावते.

पेन्शनीचा आधार शेतकऱ्यास नाही. श्रावणबाळ योजनेचे मासिक अर्थसाह्य २०२३ साली १,००० रुपयांवरून १,५०० झाले खरे. परंतु ती पासष्टीवरील अशा लोकांसाठी, ज्यांचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत आहे. चार-पाच एकरांचा कास्तकार तेथे श्रीमंत ठरतो, आणि रुग्णालयाच्या दारात गरीब. १२ सप्टेंबर २०१९ रोजी सुरू झालेली किसान मानधन योजना साठीनंतर दरमहा ३,००० रुपये देते. पण तीत नाव घालण्याचे वय १८ ते ४०. आज जे वृद्ध आहेत त्यांस तिचा उपयोग नाही. आजच्या तरुण लहान खातेदारांनी मात्र तिचा विचार अवश्य करावा. सारांश, आजच्या वृद्ध शेतकऱ्याची खरी पेन्शन त्याची जमीन हीच होय. कोणताही नोकरदार सेवानिवृत्तीच्या दिवशी आपले पेन्शन मुलाच्या नावे करून देत नाही. मग शेतकऱ्याने ते का करावे?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वाजवी आहे. म्हातारा जर मरेपर्यंत जमीन सोडणार नाही, तर पन्नाशीचा मुलगा नावाशिवाय राबतच राहील. त्यास सोसायटीत पीककर्ज मिळण्यास अडचण, ठिबकच्या अनुदानास अडचण, विहिरीच्या अर्जास अडचण. शिवाय सगळेच मुलगे कृतघ्न असतात असे गृहीत धरणे हा अन्याय होय. आमच्या पाहण्यात असे मुलगे आहेत की ज्यांनी पत्नीचे दागिने गहाण ठेवून वडिलांचे ऑपरेशन केले, आणि त्याची वाच्यताही केली नाही. त्यांच्याही मागे मुलांच्या शिक्षणाचा खर्च आहे, भाव पडलेला कांदा आहे, न उगवलेले सोयाबीन आहे. म्हणून जमीन अडवून बसा असे आमचे म्हणणे नाही. जमीन द्या, परंतु सगळी देऊ नका, आणि जी द्याल ती अटीवाचून देऊ नका. वाटप करताना म्हातारा-म्हातारीचा म्हणून एक स्वतंत्र हिस्सा दोघांच्या नावे ठेवावा. त्याचे उत्पन्न वा खंड त्यांच्याच बँकखात्यात जावा, आणि त्यांच्या मागे तो हिस्सा कोणास मिळावा हे मृत्युपत्राने ठरवावे. असे केल्याने मुलाची उमेद मारली जात नाही आणि बापास हात पसरावा लागत नाही. घरातील प्रेमही अधिक टिकते, कारण प्रेमावर हिशेबाचा भार पडत नाही.

अटीचे महत्त्व कायद्यानेही मानले आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला. त्यात निर्वाह या शब्दाच्या व्याख्येतच अन्न, वस्त्र, निवारा यांबरोबर औषधोपचार घातलेला आहे. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे करावयाचा असतो. नोटीस लागू झाल्यापासून साधारणतः ९० दिवसांत तो निकालात काढावा असे कायद्याचे सांगणे आहे, आणि मूळ कायद्याने निर्वाहाची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये घातली आहे. याच कायद्याचे कलम २३ प्रत्येक खातेदाराने वाचून ठेवण्यासारखे आहे. आपला सांभाळ करावा या अटीवर ज्येष्ठाने मिळकत दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतर फसवणुकीने झाले असे मानून रद्द ठरविता येते. परंतु येथे मेख आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले की अशी अट होती हे दिसले पाहिजे. केवळ प्रेमाने दिले एवढ्यावर कलम लागू पडत नाही. पुढे जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने हा कायदा वृद्धांच्या हितार्थ उदारपणे वाचावा असे सांगून, अटीचा भंग झालेल्या प्रकरणात आईस मिळकतीचा ताबा परत देवविला. दोन्ही निकाल मिळून धडा एकच: अट लिहा. दस्त लिहिणारास "सांभाळ व औषधोपचार करण्याच्या अटीवर" एवढे शब्द घालावयास सांगण्यास संकोच कसला? बैलाच्या सौद्यात दात मोजणारा शेतकरी स्वतःच्या म्हातारपणाच्या सौद्यात डोळे मिटून अंगठा का देतो, हे आम्हांस उमगत नाही.

येथवर आम्ही बापाविषयी लिहिले. आईची अवस्था याहून बिकट आहे. तिचे नाव बहुधा सातबारावर चढते ते पतीच्या मृत्यूनंतर, वारस म्हणून. आणि पुष्कळदा थोड्याच दिवसांत हक्कसोडपत्राने उतरतेही. जन्मभर शेतात राबून तिच्या हाती स्वतःचा म्हणावा असा रुपया नसतो. औषधास पैसे मागावे तर सुनेपुढे उणेपणा वाटतो, मुलास त्रास नको वाटतो. म्हणून ती दुखणे सांगतच नाही. पुरुषाचे दुखणे काम अडविते म्हणून लवकर ध्यानात येते. बाईचे दुखणे स्वयंपाक होत आहे तोवर कोणास दिसत नाही. पतीपेक्षा पत्नी वयाने लहान, त्यामुळे शेवटची अनेक वर्षे ती एकटीने काढते. आणि नेमक्या त्याच वर्षांत तिच्या हाती काही नसते. शेतकरी संघटनेने शरद जोशी यांच्या पुढाकाराने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालविली आणि पतीने स्वेच्छेने पत्नीचे नाव जमिनीस लावावे असा आग्रह धरला. शासनानेही १९९२ साली तशी योजना काढून सहहिस्सेदार म्हणून पत्नीची नोंद घेण्याची वाट करून दिली. वाट आहे, चालणारे थोडे. ज्या वाचकाच्या पत्नीचे नाव अद्याप सातबारावर नाही, त्याने आरोग्यविम्याची चौकशी करण्यापूर्वी हे काम करावे असे आम्ही सुचवितो. तिच्या पुढल्या वीस वर्षांच्या औषधपाण्याची याहून खात्रीची तजवीज दुसरी नाही.

लेकींविषयीही दोन शब्द. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि सबंध देशाने २००५ मध्ये मुलीस वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क दिला. तथापि भाऊबीजेच्या ओवाळणीत हक्कसोडपत्र उरकून घेण्याची चाल आपल्यात आहे. मौज अशी की हक्क सोडविताना लेक परकी असते, आणि आई आजारी पडली की तीच जवळची ठरते. रुग्णालयात रात्री उशाशी बसणाऱ्या पुष्कळदा लेकीच असतात. २००७ च्या कायद्याने आईबापांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलाप्रमाणे मुलीवरही टाकली आहे. जबाबदारी आहे तेथे हिस्सा असावा, हा साधा न्याय आपणांस आज ना उद्या मान्य करावा लागेल.

सरकारी योजनांचा विषय वगळून चालणार नाही. २ जुलै २०१२ रोजी आपल्या राज्यातील आठ जिल्ह्यांत जीवनदायी योजना सुरू झाली, २०१३ च्या अखेरीस ती सर्व राज्यात आली, आणि २०१७ पासून तीस महात्मा फुले यांचे नाव मिळाले. प्रथम दीड लाखापर्यंत असलेले संरक्षण १ जुलै २०२४ पासून प्रतिकुटुंब प्रतिवर्षी पाच लाख करण्यात आले आणि योजना सर्व शिधापत्रिकाधारकांस खुली झाली. केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मध्ये आली. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकास, मग तो गरीब असो वा बागायतदार, वर्षास पाच लाखांपर्यंतच्या उपचाराचे स्वतंत्र कार्ड मिळू लागले. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसह उपचार निःशुल्क झाले. ही कामे मोठी आहेत, आणि त्यांचे श्रेय देण्यात आम्ही कंजुषी करीत नाही.

परंतु या छत्रास कोठे भोक आहे हेही शेतकऱ्याने जाणले पाहिजे. केंद्र व राज्याच्या या योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांच्या, म्हणजे ऑपरेशन व मोठ्या आजारांच्या आहेत. रोजच्या गोळ्या, दातांची कामे, महिनोन् महिने अंथरुणास खिळलेल्या माणसाची शुश्रूषा, यांचा भार त्या घेत नाहीत. वृद्धांचा खर्च तर बहुतेक याच बाबींचा असतो. शिवाय योजनेतील रुग्णालय जवळ असेलच असे नाही, आणि आधारकार्डावर "रामचंद्र" व शिधापत्रिकेवर "रामा" असे असले तर झटका आलेल्या रोग्यास खाटेवर ठेवून नातलगांस खेटे घालावे लागतात. नावातील फरकाने माणसाची कामे कशी अडतात हे दप्तरातल्या माणसास निराळे सांगावयास नको. ज्या खाजगी विमा कंपन्या पूर्वी पासष्टीनंतर दार लावीत, त्यांस एप्रिल २०२४ पासून वयाची अट काढावी लागली, आणि सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील जीएसटीही गेला. तरी वृद्धाचा हप्ता जबरच असतो आणि जुन्या आजारास तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. तेव्हा विमा चाळिशीत घ्यावा. सत्तरीत शोधू नये.

तर मग करावे काय? आमच्या सूचना साध्या आहेत. वाटप किंवा बक्षीसपत्र करताना म्हातारा-म्हातारीचा हिस्सा वेगळा ठेवावा, आणि औषधोपचाराची अट दस्तात घालावी. भावाभावांत खर्च कोणत्या प्रमाणात वाटावयाचा हे दुखणे नसतानाच ठरवून कागदावर सह्या कराव्या. पत्नीचे नाव जमिनीस लावावे व तिचे स्वतंत्र बँकखाते असावे. सत्तरी पुरी होताच कार्ड काढावे, आणि सर्व कागदांवर नाव एकसारखे करून घ्यावे. पीक विकून पैसा हाती येईल त्या दिवशी, सोसायटीचा हप्ता बाजूस काढतो त्याप्रमाणे, घरातील वृद्धांच्या औषधाचा हप्ता बाजूस काढावा. आणि वर्षातून दोनदा, पेरणीपूर्वी व काढणीनंतर, साठीवरील प्रत्येकाचा रक्तदाब, साखर व डोळे सरकारी केंद्रात तपासवून घ्यावे. जित्राबास वेळेवर लस टोचणारा शेतकरी जन्मदात्यांस तपासणीस नेण्यात आळस करील, हे शोभणारे नव्हे.

आमच्या या संस्थेनेही यात हात घालावा अशी आमची विनंती आहे. बियाणे-खतांच्या वाटपास सभासद जमतात त्याच दिवशी आरोग्य केंद्राच्या सेविकेस बोलावून वृद्धांचा रक्तदाब मोजण्याची सोय करणे अवघड नाही. कार्डाच्या नावातील फरक दुरुस्त करून देण्यास एखादा लिहितावाचता सभासद नेमता येईल. वाटपपत्र व बक्षीसपत्र यांत घालावयाच्या अटींचा नमुना जाणत्या वकिलाकडून तपासून या मासिकातच छापता येईल. यास द्रव्य थोडे लागते, मन लागते.

शेवटी एवढेच म्हणणे आहे की, वृद्धांवरील खर्च हा बुडीत खर्च नव्हे. ज्या जमिनीवर आज कर्ज मिळते, विहीर आहे, बांध आहे, त्या सर्वांत त्यांचे कष्ट भांडवल म्हणून पडून आहेत. त्या भांडवलाचे व्याज म्हणून त्यांस औषध मिळाले पाहिजे, दया म्हणून नव्हे. आणि व्याज घेणारास आपले देणे कागदावर लिहून मागण्याचा अधिकार असतो. तो आमच्या वृद्ध शेतकऱ्यांनी व त्यांच्या पत्नींनी सही करण्याची ताकद हातात आहे तोवर बजावावा.